तिरक्या रेघेचा ई

सिरसाळ्याच्या बाजारपट्टीत माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे आबांच्या किराणा दुकानाच्या कडेचा एक गाळा, त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि मी. आबा म्हणजे माझे वडील. मी सासरहून कायमची परत आले तेव्हा त्यांनी हा गाळा मला दिला. तो त्यांनी दिलाय याची आठवणही ते दर आठ-पंधरा दिवसांनी न चुकता करून देतात.

इथं मी लग्नपत्रिका, तेराव्याचे कागद, ग्रामपंचायतीचे अर्ज आणि दुकानांच्या पावत्या सेट करते. स्वभावानं मी तुसडी आहे, असं गिऱ्हाईकं सांगतात आणि तरी माझ्याचकडे येतात, कारण बाकीच्यांपेक्षा माझं मराठी बरं आहे. "नावात चूक झाली तर मी जबाबदार नाही" अशी पाटी मी लावलेली नाही. चूक झाली तर ती माझीच असते, आणि मी ती मान्य करते. निदान दुकानात तरी करते.

मी अजून जुन्या फॉन्टवर काम करते. मोबाईलवर आपण जे मराठी लिहितो ते कुठंही पाठवलं तरी मराठीच दिसतं. जुन्या फॉन्टचं तसं नसतं. पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात मराठी नसतंच. तिथं परदेशी लिपीतली चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट बदलला की ते रूप उतरतं आणि पानभर अगम्य खुणा दिसायला लागतात. त्यांत सगळ्यात जास्त कोण दिसतं, तर É. इंग्रजीतला मोठा ई आणि त्याच्या डोक्यावर उजवीकडे चढत जाणारी एक तिरकी रेघ. आमचा काना त्याच्या जागेवर बसवलेला आहे. नुसता कानाच नाही, म, न, त, स यांच्या अंगातला उभा दांडाही तोच. त्यामुळं साधं "माझा मामा" लिहून फॉन्ट काढला तरी É ची रांग लागते.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. फाईली उघडून उघडून कळलं. आणि जे मला कळलं ते मी माझ्या धाकट्या बहिणीला दाखवलं. त्याचं पुढं काय होणार आहे हे तेव्हा ठाऊक असतं तर दाखवलं नसतं, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होते. पण ते खोटं आहे. दोष दाखवण्यात नव्हता.

ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. दहावीची परीक्षा झाली आणि ती दुपारच्या दुपार दुकानात येऊन बसायला लागली. घरी बसलं की आई काहीतरी काम सांगते, आणि माझ्याकडे पंखा होता. एकदा एका गिऱ्हाइकाची फाईल उघडली तर फॉन्ट उडालेला. ती वाकून बघत म्हणाली, "समदीकडं हेच कावून दिसायलंय?" मी सांगितलं की तो आपला काना आहे. मग फॉन्ट लावला, काढला, पुन्हा लावला. तिला गंमत वाटली. दुसऱ्या गावच्या एस्टीत शेजारचं माणूस भेटावं तशी ती त्या É कडं बघत बसली.

मग तिचं सुरू झालं की हे अक्षर खरंतर कुणाचं आहे. मोबाईलवर शोधून शोधून तिनं भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर यादीच केली. फ्रेंच लोक त्याला ए म्हणतात, तोंड फार न उघडता. झेक आणि आयरिश भाषांत ती रेघ म्हणजे आवाज लांबवायची सूचना. हंगेरीत मुळाक्षरांमध्ये त्याला स्वतःची जागा आहे. आइसलँड नावाच्या बर्फाच्या बेटावर त्याचा उच्चार ये असा करतात. स्पॅनिशमध्ये उच्चार बदलतच नाही, फक्त तेवढ्या जागी जोर द्यायचा. व्हिएतनाममध्ये ती रेघ दिसली की आवाज वर चढवायचा, आणि न चढवला तर शब्दाचा अर्थच बदलतो. पोर्तुगीजमध्ये तर ते एकटंच अक्षर म्हणजे आख्खा शब्द, त्याचा अर्थ "आहे". हे तिला सगळ्यात आवडलं. एवढ्याशा अक्षरात आपलं "हाय" मावलं, असं ती चार दिवस सांगत फिरली.

व्हिएतनामचा सराव ती घरात करायची. प्रत्येक हाक शेवटी वर चढवून मारायची. आईला वाटलं पोरीचा घसा बिघडलाय, तिनं हळद-दूध दिलं. बहिणीनं ते निमूट प्यायलं आणि पेला परत देतानाही आवाज वर चढवला. मी हसून हसून बेजार झाले. घरात मी इतकी हसले त्याला फार वर्षं झाली नाहीत, पण ते आता दुसऱ्या कुणाच्या घरातलं वाटतं.

निकाल लागला, ती शाळेत दुसरी आली. अंबाजोगाईला अकरावी करायची, वसतिगृहात राहायचं आणि पुढं भाषा शिकायच्या, असं तिनं ठरवून टाकलं होतं. प्रवेशाचा ऑनलाईन फॉर्म मीच माझ्या दुकानात भरला. तिच्या मोबाईलला रेंज धड नसायची म्हणून फॉर्मवर नंबर माझा दिला.

त्याच आठवड्यात घाटनांदूरचे चुलते स्थळ घेऊन आले. मुलगा तेलगावकडचा, तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा. स्वतःचा ट्रॅक्टर, कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारा. व्यसन नाही, बोलायला नरम. त्याच्याविषयी वाईट सांगावं असं माझ्याकडे आजही काही नाही. वाईट एवढंच होतं की ती सोळा वर्षांची होती.

आई बारीक आवाजात म्हणाली की दोन वर्षं थांबलं तर काय बिघडेल. आबा तेव्हा जेवत होते. मी वाढत होते. माझ्याकडे न बघता, माझ्यासमोर ते म्हणाले, "मोठी परत येऊन बसलीय. तरीबी धाकटीला लोक इचारायलेत, हेच लई झालं. उद्या कोन इचारील?" माझ्या हातात आमटीची पळी होती. मी ती त्यांच्या ताटात रिकामी केली आणि आत गेले. घाई माझ्यामुळं होती. माझ्या परत येण्याची किंमत तिनं द्यायची होती, आणि हे घरात सगळ्यांना पटलेलं होतं. मलाही थोडंफार पटलं होतं, हे आता लिहायला लाज वाटते.

तिचा मोबाईल आबांनी काढून घेतला. लग्न ठरलेल्या मुलीला मोबाईल कशाला, असं कारण सांगितलं.

माझ्या दुकानाच्या भिंतीवर एक नोटीस होती. वधू-वराच्या वयाचा पुरावा दाखवल्याशिवाय लग्नपत्रिका छापली जाणार नाही. तसं सगळ्या पत्रिकावाल्यांना सांगण्यात आलं होतं. ती नोटीस मीच सेट केली होती, ठळक अक्षरांत, चारी बाजूंनी बॉर्डर टाकून. तिच्याच खाली बसून मी माझ्या बहिणीची पत्रिका सेट करायला घेतली. पुरावा कुणी मागितला नाही. मागायला हवा होता तो मीच.

आमच्याकडे पत्रिका एका दिवसात होत नाही. मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो, भांडण नावांचं असतं. कुणाचं नाव कुणाच्या वर, कोणाला नुसतं श्री. आणि कोणाला श्रीमान, कोणत्या मामाच्या घरची मुलं खालच्या "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" या ओळीत आली आणि कोणाची राहिली. प्रूफ घाटनांदूरला जातं, तिथून कुणीतरी रुसल्याची बातमी घेऊन परत येतं. मग शेवटी पहिली पत्रिका कुंकू लावून देवाला नेतात. आमच्या घरची परळीला वैजनाथापुढं ठेवतात. ती एकदा देवापुढं ठेवली की लग्न मोडायचं नाही, मोडलं तर घराला लागतं, असं मानतात. भांडा, रुसा, जे काही असेल ते त्याच्या आत. आबांनी हे आयुष्यात कधी ओलांडलेलं नाही.

प्रूफ फिरत होतं त्या दिवसांत बहीण माझ्या शेजारी बसून काहीतरी टाइप करायची. मी विचारलं, "काय लिवायलीस?" ती म्हणाली भूगोलाचं. शाळा संपली होती, भूगोल कसला. तिसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा पडद्यावर एक फाईल उघडीच होती आणि पानभर नुसते É. तिनं मजकूर मराठीत लिहून शेवटी फॉन्ट काढला होता.

"ही फाईल तशीच ऱ्हाऊ दे ताई," ती म्हणाली. "फॉन्ट लावू नको."

आणि माझ्याकडे ती गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. मी तुसडी असेन, पण मठ्ठ नाही. आबा कडेच्याच दुकानात असतात, दिवसातून चारदा गाळ्यात डोकावतात, पडद्यावर मराठी दिसलं तर चष्मा लावून वाचतात. त्यांना वाचता येऊ नये आणि मला यावं, एवढीच तिची सोय होती. ती घराकडे वळली आणि मी फॉन्ट लावला.

É सरळ होऊन काने झाले. तिनं लिहिलं होतं: "ताई, माझा मोबाईल आबांनी घेतला. तुझा तुझ्याजवळ हाय. शाळेच्या भिंतीवर बालविवाह कळवायचा नंबर लिहिलेला हाय, त्यावर फोन कर. आपलं नाव सांगावं लागत नाही. ते लोक आले की मी त्यांना तोंडावर सांगीन की मला लग्न करायचं नाही, मी भिणार नाही. पण फोन तू कर. पत्रिका परळीला जायच्या आत कर. त्याच्यानंतर आबा ऐकणार नाहीत. मला अकरावीला जायचं हाय."

एवढंच होतं. रडगाणं नव्हतं, शपथा नव्हत्या. मी फॉन्ट पुन्हा काढला आणि फाईल बंद केली.

त्यानंतरचे दिवस मला तासातासानं आठवतात. ती दुकानात यायची, बसायची, आणि काही विचारायची नाही. फक्त माझ्या मोबाईलकडे बघायची. मी गिऱ्हाइकांशी मोठ्यामोठ्यानं बोलायचे. प्रूफ दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा मी स्वतःच बॉर्डर बिघडवून ठेवली आणि प्रिंटर नीट छापत नाही म्हणून सांगितलं. त्यात दोन दिवस गेले. तिच्या ते लक्षात आलं. तिला वाटलं मी फोन केलाय आणि ते लोक येईपर्यंत वेळ काढतेय. दुसऱ्या दिवशी तिनं न सांगता माझ्यासाठी चहा आणला, आलं घालून, मला आवडतो तसा. मी तो प्यायले.

एकदा मी खरंच नंबर लावायला घेतला. दुपार होती, आबा परळीला माल आणायला गेले होते, बाजारपट्टी रिकामी होती. आकडे दाबून झाले होते, फक्त हिरवं बटण राहिलं होतं. तेवढ्यात एक म्हातारा सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आला. मी मोबाईल पालथा ठेवला. त्या म्हाताऱ्याशी मी इतकं गोड बोलले की तो जाताना दोनदा मागं वळून बघत गेला. एका झेरॉक्सऐवजी मी त्याला तीन काढून दिल्या. तो गेल्यावर मी मोबाईल उचलला नाही.

का उचलला नाही हे मी स्वतःला पुष्कळ तऱ्हांनी सांगून बघितलंय. आबांना धक्का बसला असता. आईचे हाल झाले असते. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. नाव न सांगता फोन केला असता तरी आबांनी पहिल्यांदा माझ्याकडेच बघितलं असतं, कारण घरात तिच्या बाजूचं दुसरं होतं कोण. मग गाळा गेला असता. सासर गेलेलंच होतं. मला जायला जागा उरली नसती. मी माझी जागा वाचवली. तिच्याकडे एक मोबाईल नव्हता आणि माझ्याकडे होता, आणि मी तो पालथा ठेवला.

फाईल वाचली त्याच्या पाचव्या दिवशी चुलते स्वतः आले, माझ्या मागं उभे राहून त्यांनी शेवटचं नाव वर चढवलं आणि आता छाप म्हणाले. मी छापली. पहिली पत्रिका मशीनमधून बाहेर आली तेव्हा गरम होती. आईनं तिला कुंकू लावलं. आबा आणि चुलते मोटारसायकलवरून परळीला निघाले. त्यांच्या जेवणाचा डबा बहिणीनंच भरून दिला. मोटारसायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी होती, मग आत जाऊन तिनं भांडी घासायला काढली. त्या दिवसानंतर ती दुकानात आली नाही.

लग्न मंगल कार्यालयात झालं नाही, तिथं वयाचे कागद मागतात. तेलगावकडे मुलाच्या शेतात मांडव घातला. सकाळी हळद, दुपारी अक्षता. निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली. माझ्याजवळ आली तेव्हा रडायची थांबली होती. नमस्काराला वाकली आणि लगेच सरळ झाली. तिला कळलंय असं मला वाटलं, आणि नको नको झालं.

आठव्या दिवशी माझ्या मोबाईलवर मेसेज आला. अंबाजोगाईच्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, तीन दिवसांत येऊन प्रवेश निश्चित करा. मी तो दोनदा वाचला आणि पुसून टाकला. याविषयी मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पुढं सहा-सात महिने ती आईशी फोनवर बोलायची. नवऱ्याच्या मोबाईलवरून, मोजकं. आई सांगायची की पोरगी रुळली. ताई काय करायलीय, असं ती आईला विचारायची, पण मला फोन द्यायला सांगायची नाही. मीही कधी मागितला नाही. दुकानात मी पत्रिका सेट करत होते. भिंतीवरची नोटीस एकदा उन्हानं फिकी पडली म्हणून नवीन छापून लावली. आता मी पुरावा मागते. मागितला की लोक उठून दुसरीकडे जातात.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ती आली. चेहरा उतरलेला, हातापायांच्या काड्या आणि पुढं पोट. दवाखान्यात नेताना आईनं तिला वाटेत तीनदा बजावलं की वय एकोणीस सांगायचं. आत गेल्यावर तिनं एकोणीस सांगितलं. तिथल्या बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. रक्त फार कमी आहे म्हणाल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि तारखेच्या आधीच घेऊन या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. पंख्याखाली तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. खुर्चीत मावायला तिला जरा वेळ लागला. आबा किराणा दुकानात गिऱ्हाईक करत होते. तिनं कॉम्प्युटरकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "माझी ती फाईल हाय का आजून?"

मी म्हटलं आहे.

"वाचलतीस का तू?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पोटावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. बोटं सुजलेली होती. ती हळूहळू बोलत राहिली. "सासरी रोज इचार यायचा. ताईनं वाचलं आन गप बसली. मग वाटायचं, न्हाई, वाचलं आसतं तर ती गप बसलीच नसती. मी फॉन्ट लावू नको म्हनले, तर तिनं खरंच लावला न्हाई. रोज ह्येच. एक दिवस आसं, एक दिवस तसं. खरं सांग ताई."

मी म्हणाले, "न्हाई. वाचली न्हाई मी."

तिचा सगळा चेहरा सैल पडला. डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसली, दोन्ही एकदमच. "मला वाटलंच," ती म्हणाली. "तू वाचली आसतीस तर फोन केला आसतास." मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. लग्नाच्या आधीही ती असं कधी करायची नाही, मी जवळ येऊ द्यायचे नाही म्हणून.

थोड्या वेळानं ती सरळ बसली आणि म्हणाली, "आता लाव फॉन्ट. आता वाच."

मी फाईल उघडली. पानभर É उभे राहिले. मी फॉन्ट लावला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पडद्याकडे नाही, आणि मला तिच्यासमोर ते पहिल्यांदा वाचत असल्यासारखं वाचायचं होतं. प्रत्येक शब्द मला पाठ होता. मी डोळे सावकाश फिरवले. "फोन तू कर" या ओळीवर थांबले, कारण पहिल्यांदा वाचणारं माणूस तिथं थांबेल. मग मला रडू आलं आणि ते खरं होतं. तिनं माझी पाठ थोपटली. "जाऊ दे ताई," ती म्हणाली. "तुझा काय दोष. माझंच चुकलं, लावू नको म्हनायला नव्हतं पायजे."

मी तिला तेही म्हणू दिलं.

तिला मुलगी झाली. वजनाला फार कमी, बारा दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण वाचली. बहीणही वाचली, रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. सव्वा महिन्यानंतर ती परत गेली. आता ती मला रोज फोन करते. नवऱ्याचा मोबाईल मागून घेते आणि माझ्याशीच बोलते, आईशी नाही. मुलीला मोठी झाल्यावर तुझ्याकडे शिकायला ठेवीन, असं म्हणते. कुणी तिला विचारलं की तुझं माणूस कोण, तर ती माझं नाव सांगते. आईनंच मला हे कौतुकानं सांगितलं.

मागच्या महिन्यात नवऱ्यानं तिला तिचा स्वतःचा मोबाईल घेऊन दिला. तिचा पहिला मेसेज मला आला. त्यात एकच अक्षर होतं, é. पोर्तुगीज. मी इथं आहे, असं तिला म्हणायचं असणार. मी उत्तरादाखल तेच अक्षर पाठवलं.

हे सगळं मी दुकानात, कॉम्प्युटरवर, जुन्या फॉन्टमध्ये लिहायला घेतलं होतं. दोन पानं झाली आणि आबा डोकावले. माझा हात आपोआप गेला आणि मी फॉन्ट काढला. आबा गेल्यावर मी त्या É कडं बघत बसले. मग ती फाईल पुसली आणि पहिल्यापासून मोबाईलवर लिहायला घेतलं. मोबाईलवरच्या मराठीचा फॉन्ट काढता येत नाही. हे कुणालाही पाठवलं तरी मराठीच दिसेल, आणि तिला सगळं वाचता येईल. मेसेजच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर आहे. अजून पाठवलेलं नाही.